उधारीवर दिलेला माल आणि कायद्याचे पंचेचाळीस दिवस

करडईची मळणी फाल्गुनात आटोपते आणि सोलापूर, लातूर, परभणी या बाजूचे लहान तेलघाणे जोरात चालू लागतात. करडईचे क्षेत्र पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटले असले, तरी घाण्याच्या तेलाला अलीकडे शहरांतून चांगली मागणी आहे. घाणेवाला करडई घेतो ती बहुधा रोखीने. कारण विकणारा शेतकरी गावचाच असतो व त्याला लग्नकार्य, सोसायटीचे कर्ज, खरिपाचे बियाणे यांसाठी पैसा हवा असतो. घाण्यावरील गड्यांचा पगार आठवड्याच्या बाजारादिवशी द्यावा लागतो. विजेचे बिल महिन्याला येते. म्हणजे खर्च सारा रोखीचा. उलट तेलाचे डबे शहरातील दुकानदाराकडे, खाणावळीकडे अथवा एखाद्या कंपनीच्या गुदामात जातात ते उधारीवर. "पुढच्या आठवड्यात पैसे पाठवितो" हे वाक्य चैत्रात ऐकलेले असते, आणि पोळा येतो तरी तोच आठवडा चाललेला असतो.

अशा वेळी नुकसान एकट्या घाणेवाल्याचे होत नाही. त्याचे खेळते भांडवल अडकले की पुढील करडई तो उधार मागू लागतो, किंवा भाव पाडून घेतो, किंवा घाणा बंद ठेवून घरातील दागिने गहाण टाकतो. शहरातील मोठ्या खरेदीदाराने थकविलेली रक्कम अखेर करडई पिकविणाऱ्याच्या अंगावर येते. डाळ मिल, गूळ व काकवीचे गुऱ्हाळ, पापड-लोणच्याचा महिला गट, हळद व मिरची कांडप, बेदाण्याची प्रतवारी करणारे शेड, शेती-अवजारांची दुरुस्ती व बनावट करणारा लोहारखाना या सर्वांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच आहे.

अशा लहान उत्पादकाला कायद्याने बरेच भक्कम संरक्षण दिलेले आहे. ते पुष्कळांस माहीत नसते. आणि ज्यांस माहीत असते त्यांपैकी कित्येकांनी त्यासाठी लागणारी एक साधी गोष्ट वेळेवर केलेली नसते. ती गोष्ट कोणती हे पुढे येईल. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

कायद्याची पार्श्वभूमी

लहान कारखानदारांची रक्कम मोठे खरेदीदार महिनोन् महिने अडकवून ठेवतात ही तक्रार जुनीच आहे. तिच्यावर उपाय म्हणून उशिरा दिलेल्या रकमेवर व्याज देण्यासंबंधीचा एक केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. पुढे त्याची जागा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या व्यापक कायद्याने घेतली. हा कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याच्या पाचव्या प्रकरणात, कलम १५ ते २५ मध्ये, थकलेल्या रकमेचा सारा विचार आहे. गावच्या उद्योजकाच्या दृष्टीने या कायद्याचा गाभा तोच होय.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शेतकऱ्याने आपला कच्चा शेतमाल बाजार समितीच्या आवारात विकला, तर त्याच्या पैशासंबंधीचे नियम महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ याखाली येतात आणि तक्रारही बाजार समितीकडे न्यावयाची असते. प्रस्तुत कायदा मालावर प्रक्रिया करून नवी वस्तू बनविणाऱ्या अथवा सेवा पुरविणाऱ्या उद्योगासाठी आहे. करडई विकणारा एका कायद्याच्या छत्राखाली, करडईचे तेल विकणारा दुसऱ्याच्या. घर एकच असले तरी हिशेबाच्या वह्या निराळ्या ठेवलेल्या बऱ्या.

पंधरा दिवस की पंचेचाळीस ?

"कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे" असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. पैसे देण्याची तारीख उभयतांनी लेखी ठरविली असेल, तर त्या तारखेस वा तत्पूर्वी पैसे दिले पाहिजेत. मात्र ही ठरविलेली मुदत माल स्वीकारल्या दिवसापासून ४५ दिवसांपलीकडे कोणत्याही परिस्थितीत जाता कामा नये. आणि असे लेखी काहीच ठरलेले नसेल, तर मुदत अवघ्या १५ दिवसांची असते. खेड्यातील बहुतेक व्यवहार तोंडी होतात. त्यामुळे ज्याला आपण दुबळी बाजू समजतो तो विनाकागदाचा व्यवहार या एका बाबतीत लहान विक्रेत्याच्याच फायद्याचा ठरतो.

उदाहरण घेऊ. समजा घाणेवाल्याने तेलाचे ३० डबे, प्रत्येकी ४,००० रुपये दराने, १० एप्रिल रोजी शहरातील खरेदीदाराच्या गुदामात पोचते केले. एकूण येणे १,२०,००० रुपये. लेखी मुदत ठरलेली नसल्यास ही रक्कम २५ एप्रिलपर्यंत मिळावयास हवी. २६ एप्रिलपासून व्याज चालू होते. लेखी करारात ४५ दिवस लिहिले असतील तर अखेरची तारीख २५ मे. खरेदीदाराच्या छापील मागणीपत्रावर बारीक अक्षरांत "रक्कम ९० दिवसांनी देय" असे असले, आणि घाणेवाल्याने त्यावर सही केलेली असली, तरीही २५ मे हीच शेवटची तारीख धरावयाची. या प्रकरणातील व्याजासंबंधीच्या तरतुदी इतर कायद्यांतील विसंगत मजकुरावर मात करतात असे कलम २४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, आणि ४५ दिवसांची मर्यादा तर करारालाच घातलेली आहे.

दिवस मोजावयाचे ते बिलाच्या तारखेपासून नव्हेत, तर माल प्रत्यक्ष पोचल्या दिवसापासून. म्हणून बिलापेक्षा पोचपावतीला महत्त्व अधिक. टेम्पोवाल्याच्या हाती डबे देऊन मोकळे होण्याची पद्धत येथे नडते. चलनाची दुसरी प्रत टेम्पोबरोबर पाठवून तिच्यावर माल उतरवून घेणाऱ्याची सही, तारीख व शक्य असल्यास दुकानाचा शिक्का घेऊन ती परत आणावयास सांगावे. या एका कागदावर पुढचा सारा हिशेब उभा राहतो.

"तेलाला वास येत होता"

पैसे मागावयास गेले की मालाची खोड निघते. तेलाला वास होता, डाळीत चुरी फार निघाली, लोणच्याच्या बरण्या गळत होत्या. दोन-तीन महिने माल विकून झाल्यावर केलेल्या अशा तक्रारीला या कायद्यात फारसा थारा नाही. मालाविषयी हरकत असेल तर खरेदीदाराने ती माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत व लेखी कळविली पाहिजे. तशी लेखी हरकत न आल्यास माल स्वीकारला गेला असे मानण्यात येते, आणि स्वीकाराचा दिवस म्हणून माल पोचल्याचाच दिवस धरला जातो. उलट हरकत वेळेवर व लेखी आलेली असली, तर विक्रेत्याने ती दूर केल्या दिवसापासून मुदत मोजावयाची.

याचा दुसरा अर्थही उद्योजकाने ओळखावा. लेखी हरकत आली असता "बघू, बोलून घेऊ" असे म्हणून बसून राहिल्यास मुदत सुरूच होत नाही. गळके डबे बदलून दिले तर बदलून दिल्याचे चलन करावे. हरकत खोटी वाटत असल्यास तसे लेखी उत्तर लगेच धाडावे. मोबाइलवर आलेला लेखी संदेश पुसून न टाकता जपून ठेवावा; इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून दाखल करता येतात, फक्त त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते.

व्याजाचा हिशेब

मुदत टळल्यावर लागणारे व्याज साधे नाही. रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट, आणि तेही दरमहा चक्रवाढ पद्धतीने, असे कलम १६ सांगते. बँक दर म्हणजे आपली बँक पीककर्जाला वा तारण कर्जाला लावते तो दर नव्हे. तो रिझर्व्ह बँक स्वतः जाहीर करते व वेळोवेळी बदलते. हिशेब सोपा जावा म्हणून तो ६ टक्के धरू. त्याची तिप्पट १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का.

वरील १,२०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याअखेर १,८०० रुपये व्याज चढते. दुसऱ्या महिन्यात व्याजासह झालेल्या १,२१,८०० रुपयांवर दीड टक्का लागतो, म्हणजे १,८२७ रुपये. सहा महिने लोटले की येणे सुमारे १,३१,२१३ रुपये होते आणि वर्षाअखेर सुमारे १,४३,४७४ रुपये. घाणेवाल्याने तेवढ्याच काळासाठी कोठून कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज यातून बऱ्याच अंशी निघू शकते. खरेदीदाराला हे व्याज आपल्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा दाखविता येत नाही, अशीही तरतूद (कलम २३) आहे. थकविण्यात फायदा उरू नये हा कायदा करणाऱ्यांचा हेतू यात उघड दिसतो.

आयकराच्या बाजूने आणखी एक पेच २०२३ च्या वित्त अधिनियमाने घातला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म अथवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे वर सांगितलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर ती खरेदी खर्च म्हणून वजा मिळते ती पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच. मार्च अखेरीस खरेदीदाराचे हिशेबनीस लहान पुरवठादारांची यादी काढून बसतात त्याचे कारण हे. या तरतुदीमुळे एखादा खरेदीदार "तुमची नोंदणी रद्द करा, म्हणजे व्यवहार चालू ठेवू" अशी गळ घालण्याचा संभव असतो. ती मान्य केल्यास हातातली ढाल आपणच टाकून दिल्यासारखे होईल.

नोंदणी : माल देण्यापूर्वी

आता ती साधी गोष्ट. या संरक्षणासाठी उद्योगाची नोंदणी हवी आणि ती माल पुरविण्यापूर्वीची हवी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी "उद्यम" या नावाने ऑनलाइन होते. आधार क्रमांक व पॅन लागतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची ज्यांना कायद्याने गरज नाही त्यांना तो क्रमांक द्यावा लागत नाही. कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. माहिती स्वतःच्या जबाबदारीवर भरावयाची असते, म्हणून ती खरी भरावी. नोंदणीस शुल्क मुळीच नाही. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी स्थळे उघडून पैसे घेणारे लोक आहेत. त्यांच्यापासून गावकऱ्यांना सावध करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे कामच समजावे.

नोंदणी आधी की नंतर यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले. २०२१ साली सिल्पी इंडस्ट्रीजच्या आणि २०२२ साली महाकाली फूड्सच्या प्रकरणांत न्यायालयाने असे म्हटले की, माल देऊन झाल्यावर नोंदणी करून मागील पुरवठ्यासाठी या कायद्याचा लाभ मागता येणार नाही; नोंदणीचा उपयोग तिच्यानंतरच्या पुरवठ्यापुरता होईल. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला. वकिलांना यात वादाला जागा आहे. घाणेवाल्याने मात्र आपले सव्वा लाख रुपये त्या वादावर टांगण्याचे काही कारण नाही. नोंदणीला एक दुपार पुरते.

मोठा कारखाना नाही तर आपण कसले उद्योजक, असा संकोच पुष्कळांना वाटतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, आणि गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटींपर्यंतचा लघु होय. गावातील घाणा, गिरणी, गुऱ्हाळ सूक्ष्म वर्गात सहजच बसते. खालची मर्यादा कोणतीच नाही. थकबाकीचे हे संरक्षण सूक्ष्म व लघु उद्योगांनाच आहे, मध्यम उद्योगांना नाही.

केवळ घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये नोंदणीची मुभा मिळाली, परंतु ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. उशिरा मिळालेल्या पैशावरील व्याजाचा हक्क त्यांना तीतून मिळत नाही. म्हणून स्वतः तेल काढणाऱ्याने नोंदणी करताना उद्योगाचा प्रकार "तेलाचा व्यापार" असा न लिहिता तेलाचे उत्पादन असाच नोंदवावा. ही चूक भरून देणाऱ्याच्या हातून वारंवार होते, आणि ती कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सहकारी संस्था, कंपनी वा न्यास जर सूक्ष्म-लघु उद्योगांनी बनविलेला माल विकत असेल तर कायद्याने तोही "पुरवठादार" ठरतो. तेव्हा महिला गटांची पापड-लोणची एकत्र करून विकणारी संस्था, किंवा सभासदांच्या मालावर प्रक्रिया करणारी शेतकरी उत्पादक कंपनी यांनीही ही तरतूद आपल्या सल्लागाराकडून नीट समजून घ्यावी. खरेदीदार कोण आहे याला फारसे महत्त्व नाही. खासगी दुकानदार असो, कंपनी असो की सरकारी महामंडळ असो, मोबदला देऊन माल घेणारा तो खरेदीदारच. आणि हो, घाणेवाला जेव्हा दुसऱ्या लहान कारखान्यातून रिकामे डबे उधार घेतो तेव्हा तोही खरेदीदार असतो. डबेवाल्याचे पैसे त्यालाही याच मुदतीत द्यावे लागतील.

पैसे थकल्यावर

प्रथम लेखी मागणी करावी. बिलाचा क्रमांक, पोचपावतीची तारीख, थकलेली मूळ रक्कम, आजपर्यंतचे व्याज आणि उद्यम नोंदणी क्रमांक एवढे लिहिलेले एक पानी पत्र पोस्टाने नोंदणीकृत धाडावे व पोच जपून ठेवावी. बिलावरही उद्यम क्रमांक छापून घेतलेला असावा, म्हणजे आपण लहान उद्योग असल्याचे आम्हांस ठाऊकच नव्हते असे म्हणण्यास खरेदीदाराला वाव राहत नाही. पुष्कळदा या पत्रानेच काम होते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, आणि गावाकडच्या माणसाला ती मोठी वाटते. कायदा पैसे वसूल करून देऊ शकतो, गिऱ्हाईक परत आणून देऊ शकत नाही. परंतु सहा-सहा महिने पैसे न देणारे गिऱ्हाईक टिकविण्यासाठी घाणा गहाण पडत असेल, तर तो व्यवहार कोणाच्या हिताचा याचा विचार घरात बसून करावा.

पत्राने भागले नाही तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करावा. या परिषदा राज्य सरकार नेमते. उद्योग विभागाचा अधिकारी, लहान उद्योगांच्या संघटनेचे प्रतिनिधी, बँकांचे प्रतिनिधी व उद्योग, वित्त, कायदा या विषयांतील जाणकार यांतून तीन ते पाच सदस्य त्यांवर असतात. महाराष्ट्रात त्या विभागवार आहेत. आपला जिल्हा कोणत्या परिषदेकडे येतो हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे. अर्ज ऑनलाइन करता यावा म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये "समाधान" ही व्यवस्था सुरू केली.

परिषदेचा एक मोठा गुण असा की, ती विक्रेत्याच्या बाजूची जागा धरते. खरेदीदार मुंबईत, इंदुरात वा हैदराबादेत, भारतात कोठेही असला, तरी विक्रेता जेथे आहे तेथील परिषदेला प्रकरण चालविता येते. "वाद मुंबईच्या न्यायालयातच चालेल" असे छापलेले मागणीपत्र पाहून धीर सोडू नये. प्रथम परिषद उभयतांत समझोता घडविण्याचा प्रयत्न करते; तो न झाल्यास ती स्वतः लवाद म्हणून निर्णय देते किंवा दुसऱ्या संस्थेकडे लवादासाठी पाठविते. कायद्यात यासाठी ९० दिवस सांगितले आहेत. परिषदांकडे येणारे अर्ज पुष्कळ असल्याने निकाल नेहमीच तेवढ्या दिवसांत लागतो असे नाही, ही गोष्ट अर्जदारापासून लपवू नये. मात्र विलंबाच्या काळातही व्याज चढतच असते.

निर्णय विक्रेत्याच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो न्यायालयाकडून रद्द करून घ्यावयाचा असला, तर निर्णयातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम त्याने आधी न्यायालयात भरली पाहिजे. वरील उदाहरणात निर्णय १,४३,४७४ रुपयांचा झाला असे धरल्यास सुमारे १,०७,६०० रुपये भरल्याखेरीज त्याचा अर्जच विचारात घेतला जाणार नाही. या रकमेतून योग्य वाटेल तेवढा भाग न्यायालय विक्रेत्याला मधल्या काळातही देववू शकते. नुसते अपील करून वर्षे काढण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे.

धनादेश न वटल्यास

थकबाकीपोटी पुढील तारखेचा धनादेश देऊन वेळ मारून नेण्याची रीत सर्वत्र आहे. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. पैसे नसल्यामुळे तो परत आला तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार करता येते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद अथवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे दिवस अगदी काटेकोर असतात. परत आलेला धनादेश "पुढच्या महिन्यात पुन्हा टाकू" म्हणून कपाटात ठेवून देणारे बहुतेक लोक ३० दिवसांची ही नोटीस चुकवितात.

तीन वर्षांची मर्यादा

उधारीचे येणे कायमचे जिवंत राहत नाही. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. उधारीची काही मुदत ठरलेली नसेल तर ती माल दिल्यापासून, आणि ठरलेली असेल तर ती संपल्यापासून मोजतात. मुदत संपण्यापूर्वी खरेदीदाराने "आपले इतके देणे आहे" अशी लेखी कबुली सहीनिशी दिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. म्हणून दरवर्षी मार्चअखेर खातेउताऱ्याची एक प्रत खरेदीदाराकडे धाडून "बाकी बरोबर आहे" अशी सही व तारीख घेऊन ठेवावी. नात्यागोत्याच्या व जुन्या ओळखीच्या माणसाकडे ही सही मागणे अवघड जाते. त्यावर एक उपाय असा की, सर्व गिऱ्हाइकांना एकाच दिवशी सारख्याच मजकुराचे पत्र पाठवावे. मग कोणास वेगळे वागविल्यासारखे वाटत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने वकिली करावी अशी अपेक्षा नाही. आपल्या कार्यक्षेत्रातील घाणे, डाळ मिल, गुऱ्हाळे, कांडप यंत्रे, महिला गट व लोहारखाने यांची एक यादी करावी आणि प्रत्येकापुढे तीन रकाने ठेवावेत: उद्यम नोंदणी आहे किंवा नाही व तिची तारीख, उद्योगाचा प्रकार उत्पादन म्हणून नोंदला आहे की व्यापार म्हणून, आणि चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर सही घेण्याची पद्धत आहे किंवा नाही. ही यादी हंगामापूर्वी पुरी करावी. करडई व हरभऱ्याचा माल येण्यापूर्वी माघ महिन्यात, आणि गुऱ्हाळांसाठी दिवाळीपूर्वी, हा काळ सोयीचा पडतो. ज्यांची नोंदणी नाही त्यांना आधार व पॅन घेऊन एका ठरावीक दिवशी ग्रामपंचायतीत बोलवावे व त्याच बैठकीत नोंदणी पुरी करून प्रमाणपत्राची छापील प्रत त्यांच्या हाती द्यावी. प्रमाणपत्रावरील क्रमांक बिलबुकावर छापून येईपर्यंत प्रत्येक बिलावर तो हाताने लिहावा.